पुरवणी घ्यावी की नाही

रविवार, १ फेब्रुवारी, सकाळी

आजपासून रोजनिशी. मोठे निर्णय कागदावर मांडून घ्यावेत, असं मी दरवर्षी बारावीच्या मुलांना सांगतो. मुलं ऐकत नाहीत, तो त्यांचा प्रश्न.

निर्णय असा. आमच्या रविवारच्या खेळाची नवी पुरवणी आली आहे. इंग्रजीत सप्लिमेंट. मूळ नियमपुस्तकाला जोडायचं जास्तीचं पुस्तक. नाव 'हार्बर्स ऑफ द नाइन टाइड्स'. जहाजं, बंदरं, चाचे, वादळं. साडेतीनशे पानं. घेण्यासारखी आहे का, ते ठरवायचं.

घाई नाही. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. वस्तू दिसली की घेतली, हे गिऱ्हाईक करतं. मी आधी उपयोगिता बघतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

खेळ झाला. म्हणजे सगळे जमले. मनोज (प्रेसमध्ये आहे, पलीकडच्याच कॉलनीत राहतो), रोहित (निफाडहून येतो, घरची द्राक्षबाग), योगिनी (माझी जुनी विद्यार्थिनी, आता बँकेत). सरिताने पोहे केले आणि नेहमीसारखी आत गेली.

खेळ तसा सोपा आहे. मी गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, काय करतो ते बोलतात, आणि जमलं की फसलं ते फासे सांगतात. स्टाफरूममध्ये एकाला हे समजावलं तर तो म्हणाला, म्हणजे भातुकली. त्याच्याशी बोलणं मी कमी केलंय.

सध्या आमचे तीन वीर एका दारासमोर उभे आहेत. दिवाळीपासून. ते दार मी सांगितलं तेव्हा मलाच माहीत नव्हतं की मी असं काही सांगू शकतो. काळ्या दगडाचं, हत्ती जाईल एवढं, वरपासून खालपर्यंत कोरलेले चेहरे, आणि सगळ्या चेहऱ्यांचे डोळे मिटलेले. सगळे गप्प झाले. मनोजने चहाचा ग्लास तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला. सरिता हात पुसत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. इतकी वर्षं शिकवतोय, पण वर्गात अशी शांतता मला एकदाही मिळालेली नाही.

तेव्हापासून दाराचा अभ्यास चालू आहे. साध्या कुलपाचा नियम वेगळा, जादूच्या कुलपाचा वेगळा, दगडाचा तिसराच.

रोहित आज जरा वाकड्यातच शिरला. म्हणाला, "सर, लय दिवस झाले. आमची बाग छाटून झाली, माल लागला, आता तोडणी आली, अन् आम्ही अजून दारातच."

मी शांतपणे म्हटलं, आत काय आहे ते पुढच्या रविवारी सांगतो.

निदान: टेबल कंटाळलंय. दोष जमिनीचा आहे. जमिनीवर तेच ते, डोंगर, जंगल, दार. समुद्र हवा. यावरून पुरवणीची गरज सिद्ध होते. पण ठरलेलं काही नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

गुणदान योजना तयार केली. चित्रं वीस, नियम तीस, तक्ते वीस, आमच्या टेबलाला उपयोग तीस. एकूण शंभर, पासिंग पस्तीस. बोर्डाचीच पद्धत. उगाच आवडलं-नावडलं असं नको.

प्रकाशकाने नमुन्याची थोडी पानं फुकट ठेवली आहेत. त्यात वाऱ्याचा तक्ता आहे. फासा टाकायचा, वारा कुठला ते बघायचं. मी टाकला. वारा नाही. परत टाकला. वारा नाही. तिसऱ्यांदा टाकला तर वारा नाही, आणि वर खलाशी कुरकुर करू लागतात.

खलाशी कुरकुर करतात हे मला पुस्तकाने सांगायला नको. माझ्याकडे रोहित आहे.

सरिताने विचारलं, एकटेच फासे टाकत बसलाय का. मी म्हटलं, परीक्षण चाललंय. ती म्हणाली, परीक्षण मग दिव्याचं बिल भरल्यावर करा.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

एका परदेशी परीक्षकाचा व्हिडिओ पाहिला. पाऊण तास मुखपृष्ठावरच बोलला. शेवटी निष्कर्ष काय, तर घ्यावं की नाही हे तुमच्या टेबलावर अवलंबून आहे. चीड आली. आमच्याकडे असं उत्तर लिहिलं तर मी अर्धा गुण देतो, तोही अक्षर चांगलं असेल तर.

दुसरा एक आहे, टक्कल असलेला. तो म्हणतो, तुमचे खेळाडू आधीच समुद्रावर असतील तर डोळे मिटून घ्या, नसतील तर आधी आहे ते पुस्तक खेळून संपवा. आधी खेळा म्हणे! तयारीशिवाय खेळायला हा काय पत्त्यांचा डाव आहे? त्याचं चॅनल बंद केलं.

मूळ पुस्तक माझं वाचून झालेलं आहे. दारांचा भाग पुन्हा बघायचाय. पण ते पुस्तक मनोजकडे आहे. मागायला संकोच वाटतो.

रविवार, ८ फेब्रुवारी

आजचा खेळ रद्द केला. कारण कळवलं: कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ता खोदलाय, सगळ्यांना त्रास. खरं तर मनोज चालत येतो आणि योगिनीच्या गल्लीत काही खोदलेलं नाही. पण रोहितचा विचार करायला नको?

मेसेज टाकल्या टाकल्या तिघांचे अंगठे आले. मिनिटभरात. एवढा समजूतदारपणा आजकाल कुठे दिसतो.

सरिता भिशीला गेली. पूर्वी भिशी महिन्यातून एकदा असायची, आता दर रविवारी करणार म्हणते. बायकांना हौस. मला घर मोकळं मिळालं, चांगलंच आहे. नमुन्याची पानं परत वाचली. माशांवर एक अख्खं पान आहे. वीस प्रकारचे मासे, आणि पापलेट नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

बारावीची परीक्षा सुरू. मला कोपऱ्यातला ब्लॉक, पंखा नावापुरता.

पहिला तास झाला नाही तोच एका पोराने हात वर केला. पुरवणी पाहिजे. मी त्याचा पेपर उलटून पाहिला. मागची चार पानं कोरी. मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं: "मूळ पेपर भरला का? आधी तो भर. लागली की हात वर कर, मी इथेच आहे."

हे वाक्य आता आमच्या कॉलेजात म्हणीसारखं झालंय. मुलं गॅदरिंगला माझी नक्कल करतात ती याच वाक्याने. योगिनीलाही तिच्या वेळी ऐकावं लागलं होतं, ती अजून आठवण काढते. त्यामागे अनुभव आहे. पुरवण्या जोडल्या, दोऱ्याने बांधल्या, गठ्ठा जाड केला की तपासणारा घाबरून गुण देईल, असा मुलांचा भाबडा समज असतो. ज्याला उत्तर येत नाही तो पुरवणी आधी मागतो. माझं निरीक्षण आहे.

घरी आलो. चहा. मग पुरवणीच्या मुखपृष्ठाचं चित्र मोठं करून पाहिलं. तीन शिडांचं जहाज. चित्रांना वीसपैकी सतरा.

रविवार, १५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. खेळ रद्द. त्र्यंबकच्या रस्त्याला गर्दी, असं कळवलं. आमच्यापैकी कुणीच त्र्यंबकच्या बाजूने येत नाही, हे पाठवल्यावर लक्षात आलं. अंगठे मात्र लगेच आले.

सरिता उपास असूनही भिशीला. खिचडीचा डबा घेऊन गेली, मोठा. संध्याकाळी आली ती खुशीत. आल्या आल्या विचारलं, अहो, साधारण किती लांब दोरी असली की माणूस विहिरीत उतरून वर येऊ शकतो?

मी म्हटलं, कपडे वाळत घालायची दोरी तुटली का? ती हो म्हणाली. बाजारातून आणायला हवी.

बुधवार, १८ फेब्रुवारी

गुणदान पूर्ण. न वाचता गुण कसे दिले, असं कुणी विचारेल. मी पेपर तपासणारा माणूस आहे. पहिल्या पानावरच कळतं.

चित्रं सतरा. नियम आठ (बोट बुडण्याचे नियम फार, तरंगण्याचे कमी). तक्ते सहा (तो वारा). टेबलाला उपयोग तीन, कारण टेबल अजून दाराशी आहे. एकूण चौतीस.

चौतीस!

एका गुणाने नापास. दुपारभर अस्वस्थ होतो. चौतीसवर कुणाला सोडणं पाप आहे, असं आमचे मॉडरेटर नेहमी म्हणतात. सहानुभूतीने पुन्हा तपासलं. जहाजाच्या चित्राला एक वाढवला, अठरा. पास.

पण पास म्हणजे घ्यावी असं नाही. पास झालेले सगळेच कुठे कामाला येतात.

रविवार, २२ फेब्रुवारी

आज रद्द करायचं कारण लगेच सुचेना. घसा बसला असं लिहिलं. लिहिल्यावर खरंच खवखवायला लागला.

योगिनीचा फोन आला. आधी घशाची चौकशी केली, आल्याचा रस घ्या म्हणाली. मग म्हणाली, "सर, आम्ही थांबतोय हो दाराशी. फक्त एवढं सांगा, उभं राहून थांबायचं की बसून घेतलं तरी चालेल?"

प्रश्न नियमाचा वाटला. बघून सांगतो म्हटलं. ठेवल्यावर जाणवलं, तिच्या आवाजात थोडं हसू होतं आणि थोडं काळजीसारखं काहीतरी.

आता स्पष्ट लिहितो. मला भीती वाटते. टेबल मोडलं तर माझ्याकडे काय राहतं? वर्गात मी मागणीचा नियम सांगतो आणि मागच्या बाकावरची पोरं मोबाईलमध्ये. घरात मी बोलतो तेव्हा मिक्सर चालू होतो. आठवड्यात एकच जागा होती जिथे मी तोंड उघडलं की चार माणसं माझ्याकडे बघायची. तीन. पण सरितासुद्धा उंबऱ्यात यायची.

म्हणून पुरवणीचा निर्णय चुकून चालणार नाही. पुरवणी बरोबर निघाली तर टेबल वाचेल.

सरिता भिशीहून उशिरा आली. कोपराला पेन्सिलीचा काळा डाग. विचारलं तर म्हणाली, हिशोब होता.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

संध्याकाळी भाजी बाजार. कांदेवाला अडून बसला. सरिताने त्याला असं काही बोलण्यात गुंतवलं की त्याने वरून चार कांदे टाकले. पिशवी उचलताना ती स्वतःशीच म्हणाली, मन वळवायला मला तीन जास्तीचे मिळतात.

मला वाटलं कांदे. कांदे चार होते. बायकांचा हिशोब.

निर्णय जवळजवळ झाला आहे: घ्यायची नाही. संयम. उरलेल्या आयुष्यात कुणाला सांगता येईल की एवढा मोह पडला होता, तरी नाही घेतली.

रविवार, १ मार्च

घेतली.

कारण महत्त्वाचं आहे. सकाळी प्रकाशकाचा ईमेल आला की सवलत आज संपते. सवलत ही ग्राहकाच्या मानसिकतेवर घातलेली झडप असते, हे मी बारावीला प्रकरण दोनमध्ये शिकवतो. त्यामुळे मला ते पूर्ण कळलं होतं. कळून घेतली. फरक आहे.

फाइल मिळाली. स्क्रीनवर वाचायची सवय नाही, म्हणून बिटको चौकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पानं बघितली आणि विचारलं, सर, मर्चंट नेव्हीचा फॉर्म भरताय का, वयाची अट बघून घ्या. त्याने माझे पैसे वाचावेत म्हणून एका पानावर दोन पानं छापली. अक्षरं मुंग्यांएवढी. स्पायरल मात्र मजबूत, वर लॅमिनेशन.

आजचा खेळ रद्द केला, कारण छपाई. त्यांना लिहिलं, मोठी तयारी चालू आहे. रोहितने अंगठ्याबरोबर हात जोडलेलं चित्रही पाठवलं. उत्सुकता वाढलीय.

योजना: दाराजवळ एक दूत येईल. घोड्यावर, धापा टाकत. म्हणेल, दार राहू द्या, बंदरावर चला, जहाज निघतंय. आणि सगळे निघतील. दार जागच्या जागी राहील. दारं कुठे जात नाहीत.

गुरुवार, ५ मार्च

पुरवणीची प्रस्तावना सोडून पुढे गेलो. प्रस्तावना कोण वाचतं. मग वाटलं एकदा बघावी. पहिल्याच ओळीत लिहिलंय की तुमच्या टेबलावर एखादी गोष्ट अर्धी राहिली असेल तर हे पुस्तक मिटा आणि ती आधी पूर्ण करा. हे लिहिणारा त्या टक्कलवाल्याचा नातेवाईक असणार.

तरी दुपारी प्रामाणिकपणे बसलो. दाराच्या आत काय आहे ते ठरवायला. खजिना लिहिला, खोडला. राक्षस लिहिला, खोडला. सिंहासनावर सांगाडा, खोडला. काहीही लिहिलं तरी ते दारापेक्षा लहान दिसतं. इतकं चांगलं दार मी करायलाच नको होतं.

दोष मूळ पुस्तकाचा आहे. दारं कशी उघडावीत ते सांगतात, आत काय असावं ते सांगत नाहीत.

रविवार, ८ मार्च, रंगपंचमी

सविस्तर लिहितो. हात जरा रंगीत आहे, पान खराब होईल.

आज खेळ ठेवलाच नव्हता. सरिता सकाळीच भिशीला गेली. रंगपंचमीला कसली भिशी, असं मनात आलं, पण बायकांच्या कार्यक्रमात पडू नये. मी ठरवलं, पुरवणी आधी मनोजला दाखवावी. तो रंग खेळत नाही, घरीच असतो. त्याचं मत अनुकूल झालं की बाकीचे वळतील.

पुरवणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्कूटरवर निघालो. कोपऱ्यावर पोरांनी गाठलंच. रंग डोक्यावर आणि पिशवीतून पुस्तकावर. पुसला, निघाला. लॅमिनेशनचा फायदा.

मनोजच्या जिन्यात आवाज ऐकला. फासे. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. दार उघडंच होतं.

आत मनोज. रोहित, पाठीशी द्राक्षांचं क्रेट. योगिनी, समोर मूळ पुस्तक, उघडं. आणि सतरंजीवर मांडी घालून, केसांत पेन्सिल खोचून, गालाला गुलाबी रंग, माझी बायको. हातात वीस बाजूंचा फासा.

ती म्हणाली, "आलात? चप्पल बाहेर काढा, मनोजभाऊंनी आत्ताच पुसलंय."

मी चप्पल बाहेर काढली. सांगितलं सगळं योगिनीनेच, हळू. मी पहिला रविवार रद्द केला तेव्हापासून ते इथे खेळतायत. गोष्ट ती सांगते. खिचडीचा डबा इथेच आला होता. दोरी विहिरीसाठीच होती, विहिरीतून त्यांनी कुणाला तरी वर काढलं. सरिता पलटणीतली आचारीण आहे, तिला मन वळवताना फाशावर तीन जास्तीचे मिळतात. त्यांनी जंगल पालथं घातलं, एक बाजार लुटू दिला नाही, रोहितच्या वीराला ताप येऊन गेला.

"पण दाराला आम्ही हात लावला नाही, सर," योगिनी म्हणाली. "फिरून फिरून तिथेच येऊन झोपतो. दार तुमचं आहे."

हे तिने ज्या तऱ्हेने सांगितलं त्याने मला रागवायचं राहून गेलं.

मी पुरवणी काढली. मुखपृष्ठ दाखवलं. दूत सांगितला, घोडा, जहाज, नऊ भरत्या. मी बराच वेळ बोललो असेन. मनोज मान हलवत होता. मग रोहित म्हणाला, "सर, समुद्र हाये तिथं हाये. आज दार उघडा."

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. चौघं. मला हवं होतं तसंच.

मी पुरवणीची सूची उघडली. ओळीने बोट फिरवलं. मुंग्यांएवढी अक्षरं. गोदी, डॉल्फिन, बुडणे. दार नाही.

मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगतो.

खाली पोरं ओरडत होती. मग सरिता म्हणाली, "मी कडी वाजवते."

मी सांगितलं की दाराला कडी आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. ती म्हणाली, एवढ्या मोठ्या दाराला कडी असणारच, तुम्ही बघितली नसेल. इतके महिने आम्ही कुलूप, जादू, दगड करत बसलो आणि कडी कुणी वाजवलीच नाही, हे खरं होतं.

योगिनीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली की ती आपोआप हलली, ते आता नक्की सांगता येत नाही. मग ती हळू आवाजात म्हणाली, "कडीचा आवाज आत लांबपर्यंत जातो. चेहऱ्यांपैकी एकाचा डोळा उघडतो. आणि आतून कुणीतरी विचारतं, कोण आहे?"

मनोजचा ग्लास तोंडाजवळ थांबला.

तीच शांतता. मी लगेच ओळखली. दिवाळीतली. फक्त या वेळी सगळे तिच्याकडे बघत होते. मीही बघत होतो. आत कोण आहे ते मलाही ऐकायचं होतं, आणि इतके दिवस ते मीच सांगायचं होतं.

संपल्यावर सगळे उठले, रोहितने द्राक्षं वाटली. मी पुरवणी योगिनीपुढे ठेवली. म्हटलं, ठेव तुझ्याकडे, पुढे उपयोगी पडेल. तिने दोन्ही हातांनी उचलली, वजन बघितलं, जहाजाचं चित्र छान आहे म्हणाली. आणि परत माझ्या हातात दिली.

"सर, आधी मूळ पेपर भरू द्या. लागली की हात वर करू, तुम्ही इथेच आहात."

सगळे हसले. सरिता सगळ्यांत जास्त. मीही हसलो, थोड्या उशिरा. वाक्य चांगलं आहे. माझंच आहे.

निघताना योगिनीने मला एक कोरा कागद दिला. खेळायला या म्हणाली, तुमचा माणूस तुम्ही ठरवा. मी म्हटलं, विचार करून ठरवतो. माणूस घाईत ठरवायचा नसतो.

स्कूटरवर सरिताला विचारलं, मला आधी का नाही सांगितलं. ती मागून म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही मला नियम शिकवत बसला असता. मला दार बघायचं होतं."



बुधवार, ११ मार्च

अंतिम परीक्षण. 'हार्बर्स ऑफ द नाइन टाइड्स'. छपाई ठीक. बांधणी उत्तम. सध्या फ्रीजच्या एका पायाखाली आहे, पाय हलत होता तो थांबला. टेबलाला उपयोग या सदरात गुण वाढवावे का, विचार करतोय. कोऱ्या कागदावर अजून नावसुद्धा लिहिलेलं नाही.

माझ्या ब्लॉकचा आज शेवटचा पेपर होता. पुरवण्यांचा पूर्ण गठ्ठा आणि दोऱ्यांची गुंडाळी घेऊन पहिल्या घंटेपासून उभा होतो. पोरं खाली मान घालून लिहीत होती. मी दोनदा सगळ्या रांगांतून फिरलो. खिडकीतल्या एकाची शेवटची पानं भरत आलेली दिसली, त्याच्याजवळ जरा जास्त वेळ थांबलो. त्याने अक्षर बारीक केलं.

शेवटच्या अर्ध्या तासात तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. मी गठ्ठा घेऊन जवळजवळ धावत गेलो.

तिला पाणी हवं होतं.